पडीक माळाचे पाहुणे

काही शब्द एकदा सरकारी कागदावर चढले, की पुढे त्यांच्याविषयी कोणी विचार करीत नाही. ‘पडीक’ हा त्यांपैकी एक. घर पडीक, विहीर पडीक, जमीन पडीक असे कोणी म्हणाले, की ऐकणाऱ्याला वाटते, येथे आता कोणीतरी काहीतरी केले पाहिजे. सातबाराच्या उताऱ्यावरचा ‘पोटखराबा’ हा त्याचाच धाकटा भाऊ. ज्या तुकड्यात नांगर चालत नाही तो खराबा. वसुलीच्या दृष्टीने हे ठीकच आहे. ज्या जमिनीतून सारा निघत नाही, तिला महसूल खात्याने गोड नाव का द्यावे? प्रश्न एवढाच, की साहित्य, इतिहास, भूगोल असे विषय घेऊन बसलेल्या आपण मुलामुलींनी तो शब्द जसाच्या तसा उचलावा काय?

हे सुचण्याचे कारण आपल्या सूचनाफलकावर आहे. येत्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर मावळात, नवलाख उंबऱ्याच्या परिसरात घ्यावे आणि तेथील ‘पडीक माळावर’ वृक्षारोपण करावे, असा बेत आहे. बेत आखणाऱ्या सरांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांच्या शिबिरातच मी प्रथम फावडे हातात धरले आणि तळहाताला फोड येणे म्हणजे काय हे समजले. तरीही या बेताला माझा विरोध आहे. झाडे लावण्याला विरोध करणारा विद्यार्थी म्हणजे गाईला नको म्हणणारा ब्राह्मण, असे कोणी म्हणेल. त्याने कृपया लेख संपेपर्यंत थांबावे.

नवलाख उंबरे हे नाव पाहा. नऊ लाख उंबर! एवढे उंबर तेथे कधी खरोखर होते की कोणा पूर्वजाने हौसेने आकडा फुगवला, हे ठरवायला आता साक्षीदार नाही. पण गावाला झाडावरून नाव पडले असावे आणि उंबर हे झाड बिनपाण्याच्या माळावर येत नाही. ते ओढ्याकाठचे, ओलाव्याचे झाड. म्हणजे नावातच ओढा आला, सावली आली आणि फळांवर येणारे तांबट, हरियाल, कोकीळ, बुलबुल हेही आले. गावाच्या भोवतीचा माळ मात्र नावात आला नाही. माळाचे नेहमी असेच होते.

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, तरी सांगतो. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्याला सातशेच्या आसपास. ही सगळी उतरण पासष्ट किलोमीटरांच्या आत होते. मावळ तालुका या उतरणीवर आडवा पडला आहे. पश्चिमेला आंदर मावळाची, नाणे मावळाची दाट झाडी. पूर्वेला देशाचा कोरडा, काटेरी, गवताळ प्रदेश. तळेगाव दाभाडे सोडून इंद्रायणी ओलांडली, आंबी मागे टाकली, की आपण या दोहोंच्या सीमेवर असतो. त्यामुळे एका सकाळी, एकाच रस्त्यावर, रानातला पक्षी आणि माळावरचा पक्षी असे दोन्ही भेटू शकतात. ही सोय पुण्याच्या जवळपास फार ठिकाणी नाही.

आम्ही चौघे फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोन मोटारसायकलींवर तेथे गेलो होतो. माघातली थंडी अजून रेंगाळत होती. पहाटे पाचला पुणे सोडले. देहूरोडपर्यंत हातांची बोटे आपली आहेत यावर विश्वास बसेना. तळेगावात चहाचे दोन-दोन कप पोटात गेल्यावर माणसात आलो. एक दुर्बीण होती, तीही एकाच्या मामांची, आणि तिच्या एका डोळ्याला बुरशी आलेली. पक्षी ओळखण्याचे पुस्तक एक. आमच्यात खरा जाणकार कोणीच नव्हता. भूगोलाचा एक, मराठीचे दोन, आणि अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी, जिने जाण्याआधीच बजावले होते, “मला पक्ष्यांतले काही कळत नाही, मी फक्त हिशेब ठेवीन.” तिने तो चोख ठेवला. साडेसहा ते साडेदहा या चार तासांत बेचाळीस जाती तिच्या वहीत आल्या. ज्यांविषयी भांडण झाले त्या तिने निर्दयपणे खोडल्या.

फेब्रुवारीच का, असे विचारले जाते. सगळे जग पक्षी पाहायला डिसेंबरात भिगवणला जाते. उजनीच्या पाण्यावर रोहित, पट्टकदंब हे मोठमोठे, सुंदर, बसल्या जागी दिसणारे पक्षी असतात. नाव मिळते, नावाड्याला चार पैसे मिळतात, फोटो उत्तम येतात. त्याविरुद्ध मला काही म्हणायचे नाही. पण माळाचा हंगाम उतरत्या थंडीत खरा रंगतो. ज्वारी-हरभरा निघू लागलेला असतो, गवत वाळून सोनेरी झालेले असते, पळस, पांगारा आणि सावर फुलांनी पेटलेले असतात, आणि हिवाळी पाहुण्यांची निघण्याची घाई सुरू झालेली असते. भोरड्यांचे थवे पाहा. हे गुलाबी अंगाचे पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येतात. आपल्या शेतकऱ्याच्या ज्वारीवर पडतात म्हणून शिव्या खातात आणि तिकडे आपल्या गावी टोळधाडीचा फडशा पाडतात म्हणून तिकडचे लोक त्यांची वाट पाहतात. एकच पाहुणा, दोन घरी दोन कीर्ती. त्या सकाळी एका पांगाऱ्यावर दीड-दोनशे भोरड्या मध पीत होत्या आणि एवढा कलकलाट चालला होता, की आमच्या हिशेबनीस बाईंनी ‘अंदाजे’ असा शब्द वहीत प्रथमच लिहिला.

पण ज्यासाठी आम्ही गेलो होतो तो पक्षी निराळा. भोवत्या हे त्याचे नाव. ससाण्याच्या घरातला वाटावा असा शिकारी, पण ससाण्याचा तोरा नाही. गवतापासून दोन-चार हातांवरून, पंख किंचित वर उचललेले ठेवून, तो माळावर येरझारा घालतो. नर फिकट राखाडी, मादी तपकिरी आणि तिच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. कझाकस्तानच्या बाजूचे भोवत्ये हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात, आणि येथे त्यांच्या ताटात मुख्यतः काय असते? नाकतोडे! माळावरच्या गवतातले नाकतोडे. रात्री ते झाडावर बसत नाहीत. उंच गवतात, जमिनीवरच एकमेकांच्या जवळ निजतात. ज्याचे अन्न गवतात, अंथरूण गवतात, त्याला आपण झाड देऊ केले तर तो ते घेऊन काय करील? सूर्य वर आल्यावर एक मादी आमच्या समोरून गेली. गवताच्या टोकांवरून जणू कोणी हात फिरवीत जावे तशी गेली. पाचेक मिनिटांनी ती टेकाडाआड दिसेनाशी झाली, आणि तेवढ्यात आमच्यातल्या कोणी फोटो काढला नाही याचे मला आजही बरे वाटते.

माळावर नीट उभे राहिले म्हणजे तो हळूहळू भरू लागतो. आधी काहीच नसते. मग एका ढेकळाला पाय फुटतात; ती तिरचिमणी असते. मग डोंबारी चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला लागणार एवढ्यात पुन्हा वर जातो. झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास दोन दगड एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज करीत बसलेला असतो. खरुची हवेत एका जागी पंख फडफडवीत टांगल्यासारखी थांबते. आणि माळटिटवी! आपली नेहमीची टिटवी पाण्याजवळची. ही तिची कोरडवाहू बहीण. तिच्या तर नावातच माळ आहे. यांपैकी बहुतेकांना झाड लागत नाही एवढेच नव्हे, तर झाड नकोच असते. उघड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्याची सारी सुरक्षितता दूरवर दिसण्यात असते. झाड उभे राहिले, की त्यावर कावळा बसतो, आणि कावळ्याला माळाचा सातबारा तोंडपाठ असतो.

परतताना मराठीच्या दोघांत पक्ष्यांच्या नावांवरून गप्पा निघाल्या. तांबट, सुतार, शिंपी, परीट, खाटीक, कोतवाल, डोंबारी. हिशेबनीस बाई म्हणाल्या, “अरे, सगळा गावगाडाच बसलाय की झाडावर! पाटील तेवढा दिसत नाही.” विनोद झाला, पण त्यात मोठे तथ्य आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून खेड्याची जी व्यवस्था पुस्तकात नोंदली, तीच आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांच्या नावांत नोंदवून ठेवली होती. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी असा एकसुरी टकटक आवाज करतो तो तांबट. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी. किडे-सरडे काट्याला टोचून ठेवतो तो खाटीक. कावळ्याला, घारीला गावाबाहेर हुसकावतो तो कोतवाल. ही नावे देणारा माणूस पुस्तकात पाहून बोलत नव्हता. तो पक्ष्याला रोज पाहत होता आणि तांबटालाही रोज पाहत होता. मारुती चितमपल्ली यांनी उभे आयुष्य वनखात्यात काढून असे शब्द रानोमाळ हिंडून गोळा केले, मराठीला पक्षिकोश दिला. २०२५ साली ते गेले. त्यांच्या मागे हे काम मराठी विभागांनी करायचे नाही तर कोणी? प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॅटिन नाव पुरते. मावळातला म्हातारा ‘भोवत्या’ला काय म्हणतो, हे विचारायला आपणच गेले पाहिजे.

आम्हाला भेटलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगतो. चार गाई आणि एक म्हैस घेऊन तो टेकाडावर आला आणि आमच्याकडे संशयाने पाहत राहिला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, “मोजणीवालं का तुमी?” दुर्बीण, वही, बोटे दाखवणारी चार शहरी माणसे, दुसरे त्याला काय वाटणार? त्या भागात अनोळखी माणूस हातात यंत्र घेऊन आला, की जमीन मोजायलाच येतो, हा त्याचा आजवरचा अनुभव. आम्ही म्हणालो, “नाही बाबा, पाखरं बघतोय.” तो म्हणाला, “पाखरं? मंग वड्याला जावा की. हितं कुटं झाडं हायेत?” आम्ही चंडोल दाखवला. तेव्हा तो हसला. “ह्या व्हय! ह्या भुईवरच्या. पल्याड कंपनीचं भिताड हाय ना, तितं लई असायच्या. आता न्हाईत. भिताडावर बसत न्हाईत त्या.” एवढे बोलून तो म्हशीमागे गेला.

आता कंपन्यांकडे येतो. कारण नवलाख उंबऱ्यावर लिहायचे आणि कंपन्या वगळायच्या, हा अप्रामाणिकपणा होईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. तळेगावच्या औद्योगिक क्षेत्राने गेल्या काही दशकांत आंबी, नवलाख उंबरे, बधलवाडी या बाजूचा चेहरा पार बदलून टाकला. २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना तळेगावी सुरू झाला. २०२०च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबले. २०२३ साली तो हुंडाईने घेण्याचा करार केला. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येणार म्हणून गाजला, गुजरातला गेला म्हणून त्याहून अधिक गाजला, आणि २०२३ मध्ये ती भागीदारीच मोडली. अवघा महाराष्ट्र हळहळला. चंडोलांची प्रतिक्रिया कोणी घेतली नाही.

माझा एक वर्गमित्र त्याच बाजूच्या वाडीतला आहे. त्याला मी हे सारे उत्साहाने सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “तुला तिथं भोवत्या दिसतो. मला माझ्या भावाची पाळी दिसते. रात्रपाळी करून तो पहाटे बसमधून उतरतो, तेव्हा तुम्ही लोक दुर्बीण घेऊन येता. कंपनी आली नसती तर मी तुझ्या वर्गात नसतो, वीटभट्टीवर असतो.” यावर मला लगेच काही बोलता आले नाही, आणि आजही त्याच्या म्हणण्याचा पहिला भाग मी खोडू शकत नाही. शहरातून रविवारी जाणाऱ्याने गावकऱ्याला ‘तू गरीब राहा, म्हणजे माझा पक्षी राहील’ असे सांगणे निर्लज्जपणाचे आहे. कारखाने उठवा असे मी म्हणत नाही. पण त्याच मित्राला मी विचारले, की तुझ्या भावाला नोकरी मिळाली ती कारखान्यामुळे. उरलेल्या माळावर सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावल्याने तुझ्या घरातल्या कोणाला काय मिळणार? तो म्हणाला, “काय मिळणार? गुरं चारायची पंचाईत.” तेव्हा भांडण कारखाना विरुद्ध पक्षी असे नाहीच. जे काही उरले आहे, त्याचे काय करायचे, एवढाच मुद्दा आहे. आणि उरलेल्या माळाच्या बाबतीत गुराखी, गाय आणि भोवत्या हे तिघे एकाच बाजूला आहेत.

माळाला पडीक म्हणण्याचा इतिहासही थोडा पाहावा. १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ काढले आणि दरसाल पन्नास लाख हेक्टरांवर लागवड करण्याचे उद्दिष्ट ठेवले. हेतू सरपणाचा, चाऱ्याचा होता, वाईट नव्हता. पण तेव्हापासून सरकारी नकाशांत गवताळ माळ पडीक जमिनीच्या रकान्यात जाऊन बसला तो बसलाच. पुढे आपल्या राज्यात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. चार कोटी, तेरा कोटी, तेहतीस कोटी असे आकडे चढत गेले. नवलाख उंबर तेथे बिचारे वाटतात! एवढी झाडे लावायची म्हणजे जागा हवी. जंगलात जागा नसते, शेतात शेतकरी येऊ देत नाही. मग राहतो माळ, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही.

लोक म्हणतात, पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, ते माणसाने तोडले, म्हणून माळ झाला. आपण झाडे लावतो म्हणजे मूळचे परत आणतो. लोणावळ्याच्या बाजूला हे काही अंशी खरे असेल. देशावरच्या माळाविषयी मात्र हे गृहीत धरणे धोक्याचे आहे, आणि ते धोक्याचे आहे हे कोणी दाखवले? आपल्याच मराठी वाङ्मयाने! आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनचे जुने मराठी साहित्य, कथा, ओव्या, लोकगीते यांत कोणकोणत्या झाडाझुडपांची नावे येतात, ते त्यांनी तपासले. त्यातून जे चित्र निघाले ते घनदाट अरण्याचे नव्हते. काटेरी, विरळ झाडांच्या, गवताच्या प्रदेशाचे होते. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचा हा माळ निदान साडेसातशे वर्षे जुना आहे. ज्या जुन्या ग्रंथांना आपण परीक्षेपुरते वाचतो, त्यांतून निसर्गाचा इतिहास बाहेर निघाला! कला शाखेच्या विद्यार्थ्याला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हा निबंध जरूर सांगावा.

आणि माळाकडे दुर्लक्ष केल्याने काय होते हे पाहायला सोलापूर फार दूर नाही. नान्नजच्या माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे ते अभयारण्य पुढे बाराशेच्या आसपास आणले गेले. मोठे केले तेव्हा गावेच्या गावे त्यात सापडून लोकांचा रोष ओढवला, लहान केले तोवर पक्षी फारसा उरला नव्हता. दोन्ही वेळा माळाचा असा विचार झालाच नाही. ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावे असे सालिम अलींचे मत होते, तो आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास राहिला आहे. १९६३ साली मान मिळाला मोराला. मोराला झाड चालते, देऊळ चालते, बंगल्याची गच्चीसुद्धा चालते. माळढोकाला माळच हवा होता.

मावळाला या बाबतीत परंपरा नाही असेही नाही. पक्षिमित्रांचे पहिले राज्यव्यापी संमेलन १९८१ साली भरले ते लोणावळ्याला. आणि नवलाख उंबऱ्यापासून जवळच, भंडारा आणि भामचंद्र या तुकोबांच्या डोंगरांच्या छायेत, २००८ साली वारकऱ्यांनी चाकणजवळच्या शिंदे गावी होऊ घातलेल्या डाऊ केमिकलच्या संशोधन केंद्राला विरोध केला. कंपनीने ती जागा पुढे सोडली. त्या आंदोलनातली जाळपोळ मला मान्य नाही, पण एक गोष्ट त्यातून दिसते. डोंगराला संताचे नाव असले, की त्याच्यासाठी माणसे उभी राहतात. माळावर कोणी संत बसल्याची नोंद नाही. बसला असेल तरी सावली नाही म्हणून फार वेळ टिकला नसेल.

पक्षी पाहणाऱ्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर आपण तेवढे सोवळे आणि बाकी सगळे ओवळे असा समज व्हायचा. त्या सकाळी आम्ही एक मोठी चारचाकी पाहिली. रस्ता सोडून ती सरळ गवतात घातलेली होती आणि भोवत्याच्या मागे मागे फिरत होती. खिडकीतून हातभर लांब भिंगाचा कॅमेरा बाहेर आलेला. पक्षी बसला की गाडी जवळ, पक्षी उडाला की गाडी मागे. तो बिचारा नाकतोडे धरायला हजारो किलोमीटर आला होता. पुढच्या महिन्यात परतीचा तेवढाच प्रवास करायचा तर अंगावर चरबी हवी, आणि चरबीसाठी निवांत खाणे हवे. हे लोक झाडे लावणारे नाहीत, कारखाने काढणारे नाहीत, ‘निसर्गप्रेमी’ आहेत. गवतात उमटलेल्या त्यांच्या चाकांच्या दोन रेघा आम्ही परतलो तेव्हाही तशाच होत्या. माळाला रस्ता नसतो याचा अर्थ सगळा माळ रस्ता असतो असा काहींनी केला आहे.

तसाच वणवा. जाळल्यावर गवत जोमाने फुटते, अशी समजूत मावळात जुनी आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री लोणावळ्याकडून येताना डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. लांबून सुंदर दिसतात, हेच वाईट. काही वणवे गावकरी लावतात, काही सहलीला आलेल्यांच्या चुलीतून आणि विड्यांतून लागतात. गवतात निजणाऱ्या पक्ष्याच्या अंथरुणाला आग लागते, एवढेच येथे सांगतो. आपल्या शिबिराला जर माळावर अंगमेहनतच करायची असेल, तर गावकऱ्यांना विचारून गवताचा एक पट्टा कापून जाळरेषा काढणे हे शेकडो खड्डे खणण्याहून अधिक उपयोगाचे काम आहे. कापलेले गवत त्या म्हाताऱ्याच्या म्हशीला होईल.

झाडे लावायचीच नाहीत काय? जरूर लावावीत. गावाच्या नावातच उत्तर आहे. उंबर लावा, ओढ्याकाठी लावा, जाधववाडीच्या धरणाच्या बाजूला जेथे ओलावा टिकतो तेथे लावा, शाळेच्या कुंपणाला, बसथांब्याजवळ लावा, जेथे रात्रपाळीचे लोक बसची वाट पाहत उन्हात उभे असतात. नऊ लाख नकोत, नव्वद लावून जगवली तरी आपल्या महाविद्यालयाचे नाव राहील. मागच्या काही शिबिरांत लावलेल्या रोपांचे काय झाले याची यादी कार्यालयात आहे की नाही ठाऊक नाही, पण खड्डे अजून ओळखीचे वाटतात. हिशेबनीस बाईंनी वही सांभाळून ठेवली आहे. दर माघात त्याच रस्त्याने जाऊन त्याच चार तासांची मोजणी करायची त्यांची तयारी आहे. मराठी विभागातून दोघे-तिघे गावात बसून नावे लिहून घ्यायला मिळाले, तर आणखी चांगले.

आता एक व्यवहाराची बाब, सरांनी तेवढी ध्यानात घ्यावी अशी विनंती. भोवत्ये आणि भोरड्या एव्हाना परत निघालेल्या असतील. शिबिराच्या वेळी माळ रिकामाच दिसेल. पण वृक्षारोपणाचे खड्डे पावसाआधी, मे महिन्यात खणतात. माळटिटवीची आणि चंडोलांची अंडी उन्हाळ्यापासूनच जमिनीवर, दगडांत दगडासारखी पडलेली असतात. पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. तेव्हा खड्ड्यांची जागा ठरवण्यापूर्वी एका सकाळी आमच्यापैकी कोणालातरी बरोबर न्यावे. दुर्बीण पुन्हा मामांकडून मागून आणतो.